विद्यार्थ्यांची विज्ञानशाळा आणि विकीचे पान : एका वहीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #विज्ञान

१/ दरवर्षी शरद ऋतूत, बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास, एका ठरलेल्या मिनिटाला जगभरातील शेकडो विद्यार्थी-संघांची पाने एकाच वेळी गोठतात. त्या क्षणानंतर एक स्वल्पविरामही बदलता येत नाही. आयजेम या जीवविज्ञान-स्पर्धेत या घटनेला ‘विकी फ्रीझ’ म्हणतात. उन्हाळाभर प्रयोगशाळेत केलेले काम परीक्षकांपुढे जाते, ते मुख्यतः याच पानांच्या रूपाने.

२/ यात एक विसंगती आहे. ‘विकी’ची कल्पना जन्मली ती कधीही पूर्ण न होणाऱ्या, कोणालाही दुरुस्त करता येणाऱ्या पानासाठी. मग विद्यार्थ्यांच्या विज्ञानात तिचे रूपांतर कुलूपबंद दस्तऐवजात कसे झाले? आणि तुकडी पांगल्यावर तिच्या कामातले नेमके काय मागे उरते, कोणाच्या नावाने उरते? या प्रश्नांचा माग काढण्यासाठी १९९० पासून आरंभ करावा लागतो.

३/ जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन-संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये माहिती-व्यवस्थेचा प्रस्ताव मांडला आणि १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला. आज अनेकांना ठाऊक नसते, पण तो ब्राउझर संपादकही होता. ज्या खिडकीत पान वाचायचे, त्याच खिडकीत ते लिहिता येई. वाचक आणि लेखक यांच्यात भिंत असावी, असे त्याच्या निर्मात्याच्या मनात नव्हते.

४/ ही भिंत पुढे उभी राहिली. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेइक ब्राउझरने वेब घराघरांत पोहोचवले. चित्रे आणि मजकूर एकत्र दिसू लागले, वापर सोपा झाला. मात्र पाने संपादित करण्याची सोय त्यात नव्हती. वेबचा प्रसार झाला तो वाचण्याचे माध्यम म्हणून. लिहिण्यासाठी सर्व्हरवर अधिकार हवा, एचटीएमएलची जाण हवी, अशी स्थिती झाली.

५/ २५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणक-आज्ञावलीकाराने या भिंतीत एक दार उघडले. प्रोग्रामर मंडळींनी आपापल्या कामातील अनुभवसिद्ध युक्त्या एकत्र नोंदवाव्यात, म्हणून त्याने एक संकेतस्थळ सुरू केले. प्रत्येक पानाच्या तळाशी संपादनाचा दुवा होता. तो दाबावा, मजकूर बदलावा, जतन करावा. परवानगी कोणाकडे मागायची नाही.

६/ नावाची कथा प्रसिद्ध आहे. होनोलुलू विमानतळावर एका टर्मिनलवरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या बसला ‘विकी विकी’ म्हणत. हवाईयन भाषेत ‘विकी’ म्हणजे चटकन. कनिंगहॅमने आपल्या संकेतस्थळाला ‘विकीविकीवेब’ असे नाव दिले. आज रूढ झालेला ‘विकी’ हा शब्द त्या बसच्या नावावरून आला आहे.

७/ या रचनेतील सर्वांत कल्पक भाग म्हणजे दुवा. दोन शब्द न तोडता जोडून लिहिले की त्यांचा आपोआप दुवा होई. त्या नावाचे पान अस्तित्वात नसेल, तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह उमटे. ते दाबले की कोरे पान उघडे. म्हणजे न लिहिलेल्या पानालाही आधीच जागा राखून ठेवलेली असे, आणि ते भरण्याचे आमंत्रण कोणत्याही वाचकाला खुले असे.

८/ कोणीही काहीही बदलू शकत असेल तर अनागोंदी माजणार नाही का? कनिंगहॅमचे उत्तर साधे होते. ‘अलीकडील बदल’ नावाचे एक पान. कोणत्या पानाला कधी हात लागला, हे त्यावर सर्वांना दिसे. पहारेकरी नेमण्याऐवजी गावाच्या चावडीवर सर्व नोंदी लावून ठेवाव्यात, तसा हा प्रकार. चूक झाली तर ती पाहणारे डोळेही तिथेच असत.

९/ १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि ही पद्धत ज्ञानकोशाला लागू झाली. त्यासाठी आधी वापरलेले सॉफ्टवेअर अपुरे पडू लागले, तेव्हा नवी प्रणाली लिहिली ती माग्नुस मान्स्के या जर्मनीतील कलोन विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने. त्याचा विषय जीवशास्त्र होता! २००२ च्या जानेवारीत ती वापरात आली. त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी ती पुन्हा लिहिली. तिलाच पुढे ‘मीडियाविकी’ हे नाव मिळाले.

१०/ १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. ‘साचा’, ‘चर्चा’, ‘सदस्य’ असे शब्द मीडियाविकीच्या परिभाषेसाठी मराठीत रुळले. जी प्रणाली मराठी ज्ञानकोशाला आधार देत होती, तीच प्रणाली काही वर्षांनी जीवाणूंवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रयोगवही होणार होती.

११/ मात्र विकीची स्मृती पहिल्यापासून भक्कम नव्हती. विकिपीडियाच्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या आवृत्त्या कायम राहत नसत. परिणामी २००१ मधील आरंभीची बरीच संपादने कायमची गेली, असे सुमारे दशकभर मानले जात होते. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग या विकासकाला जुन्या प्रतींच्या फायलींमध्ये पहिल्या काही महिन्यांच्या नोंदी सापडल्या. जगातील सर्वांत मोठ्या ज्ञानकोशाचे बालपण असे योगायोगाने वाचले.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकांना जुन्या आवृत्त्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकारलेल्या पाठाखाली निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद नोंदवले. वाचकाला संपादकाचा निर्णय दिसतो आणि तो तपासण्याची साधनेही मिळतात. विकीच्या ‘इतिहास’ या कळीमागे हेच तत्त्व आहे. फरक एवढाच की तिथे पाठभेद आपोआप साठत जातात.

१३/ आता प्रयोगशाळेकडे. जानेवारी २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीत एक छोटा अभ्यासवर्ग भरला. विद्यार्थ्यांनी अशी जनुकीय जुळणी आखायची होती, की पेशी दिव्यासारख्या उघडमीट करतील. टॉम नाइट, ड्र्यू एंडी, रँडी रेटबर्ग ही या उपक्रमामागची प्रमुख नावे. अभियांत्रिकीत सुटे भाग जोडून यंत्र बनते, तसे जनुकांचे प्रमाणित भाग जोडून सजीव यंत्र बनवता येईल काय, हा प्रश्न होता. या शाखेला सिंथेटिक बायोलॉजी म्हणतात.

१४/ २००४ मध्ये पाच अमेरिकी संस्थांचे संघ स्पर्धेत उतरले. २००५ मध्ये संघांची संख्या १३ झाली आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय बनली. दहा-बारा वर्षांत हा आकडा ३०० च्या घरात गेला. दरम्यान २०१२ मध्ये आयजेम एमआयटीपासून अलग होऊन स्वतंत्र ना-नफा संस्था झाली. स्पर्धक बहुतांशी पदवीचे विद्यार्थी. एका उन्हाळ्यात काम करायचे, मांडायचे आणि पुढे जायचे.

१५/ सुटे भाग प्रमाणित करायचे तर त्यांची सामायिक यादी हवी. ती एमआयटीत तयार झाली. प्रत्येक जनुकीय भागाला क्रमांक आणि स्वतःचे पान मिळाले. उदाहरणार्थ, ‘बीबीए_ई००४०’ म्हणजे हिरव्या प्रकाशाने चमकणारे, मूळचे जेलीफिशमधील प्रथिन तयार करणारा भाग. पानावर त्याचा जनुकीय क्रम, रचना आणि ‘अनुभव’ नावाचा विभाग असे. हा भाग आपल्या हाती चालला की नाही, हे इतर संघांनी तिथे लिहायचे.

१६/ ‘अनुभव’ हा विभाग दिसायला किरकोळ, पण विज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा. छापील शोधनिबंधात बहुधा यशस्वी प्रयोग येतात. ‘आम्ही तीनदा प्रयत्न केला, चमक दिसली नाही’ हे वाक्य तिथे क्वचितच छापले जाते. अशी नोंद सापडली नाही, तर दुसऱ्या देशातील दुसरा संघ तोच भाग घेऊन तेच तीन आठवडे वाया घालवतो. विकीच्या पानावर ते वाक्य लिहायला जागा होती.

१७/ २००५ मध्ये एमआयटीतील संशोधक विद्यार्थ्यांनी ‘ओपनवेटवेअर’ हा विकी उभा केला. आरंभी तो एंडी आणि नाइट यांच्या प्रयोगशाळांपुरता होता. प्रयोगशाळेचे अर्धे ज्ञान माणसांच्या हातांत असते. द्रावण किती वेळ ढवळायचे, कोणत्या तापमानाला थांबायचे, हे शिकवणारा विद्यार्थी पदवी घेऊन गेला की ते ज्ञानही जाते. ओपनवेटवेअरने अशा कृती लिहून ठेवायला खुली जागा दिली. पुढे अनेक विद्यापीठांच्या प्रयोगशाळा त्यात सामील झाल्या.

१८/ आयजेमच्या संघांपुढे हीच अडचण अधिक तीव्र होती, कारण तिथे तुकडी दरवर्षी बदलते. आरंभीच्या वर्षांनंतर स्पर्धेने प्रत्येक वर्षासाठी मीडियाविकीवर आधारलेला स्वतंत्र विकी उघडला. संघाच्या नावाचे एक पान, त्याखाली तिरप्या रेघेने जोडलेली उपपाने : प्रकल्प, प्रयोगवही, सुरक्षितता, संघातील सदस्य. जुने विकी उतरवले गेले नाहीत. प्रत्येक तुकडीला आधीच्या तुकड्यांची दप्तरे उघडी मिळाली.

१९/ त्यामुळे शिकण्याची एक परंपराच पडली. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला विकीची खूणभाषा येत नसे. मग आधीच्या वर्षीच्या एखाद्या संघाचे पान उघडायचे, ‘स्रोत पहा’ दाबायचे आणि मागची मांडणी निरखायची. दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबर-चिन्हे म्हणजे मथळा, दुहेरी चौकटी कंसात दुवा, दुहेरी महिरपी कंसात साचा. एका पानाचा साचा केला की तो सर्व पानांवर वापरता येतो, हे कळले म्हणजे अर्धी लढाई जिंकली. जुन्या काळी हस्तलिखिताची नक्कल करता करता मोडी शिकणाऱ्या कारकुनाची ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल.

२०/ भारतातही ही वाट लवकर उघडली. २००६ मध्येच बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा संघ स्पर्धेत होता. २००९ मध्ये त्याच शहरातील सृष्टी या कला आणि डिझाइन संस्थेचे विद्यार्थी उतरले. त्यांचा प्रकल्प होता पहिल्या पावसाच्या मृद्गंधाचा! हा गंध देणारे जिओस्मिन हे द्रव्य मातीतील जीवाणू तयार करतात; ते प्रयोगशाळेतील ई. कोलाय जीवाणूकडून तयार करवून घ्यायचे त्यांनी ठरवले. जनुकांच्या भागांची यादी आणि इतरांच्या वह्या खुल्या नसत्या, तर कलेच्या विद्यार्थ्यांना असे साहस किती दुष्कर झाले असते, याची कल्पना करता येते. पुढे पुण्याच्या आयसरमधील विद्यार्थ्यांचा संघही या स्पर्धेत उतरला.

२१/ २००६ मधील एडिंबरा विद्यापीठाच्या संघाचे उदाहरणही बोलके आहे. बांगलादेशातील विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक आढळते. पाण्यात आर्सेनिक असेल तर आम्लता बदलून ते कळवणारा जीवाणू या विद्यार्थ्यांनी आखला. संघ पांगला, पण कल्पना लिखित स्वरूपात उरली आणि पुढे इतर संशोधकांनी स्वस्त चाचणीच्या दिशेने तिच्यावर काम केले. एका उन्हाळ्याच्या कामाला असे दीर्घायुष्य लाभते, ते नोंदीमुळे.

२२/ मात्र विकीची नोंद जितकी प्रामाणिक दिसते तितकी ती नेहमी असतेच असे नाही. संपादनाच्या इतिहासात नाव येते ते मजकूर जतन करणाऱ्याचे. समजा संघात दहा जण आहेत आणि संगणकाची गती एकाच विद्यार्थ्याला आहे. मध्यरात्रीपर्यंत जीवाणूंच्या बशा तपासणारी विद्यार्थिनी आपले निष्कर्ष त्याच्या हाती देते, तो ते पानावर चढवतो. दहा वर्षांनी हा इतिहास वाचणाऱ्याला दिसेल ते एकच नाव. ज्याच्या हाती लेखणी, त्याचीच बखर.

२३/ या अन्यायावर आयजेमने एक औषध शोधले. प्रत्येक संघाला श्रेयनोंदीचे स्वतंत्र पान बंधनकारक झाले. कोणते काम कोणी केले, मार्गदर्शकाने किती मदत केली, बाहेरून काय करून घेतले, हे स्पष्ट लिहायचे. ते नसेल तर पदकाचा हक्क जातो. यंत्राने आपोआप ठेवलेला इतिहास अपुरा पडतो आणि माणसांनी जाणीवपूर्वक लिहिलेली साक्षही लागते, ही त्यामागची कबुली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले संपादन स्वतःच्या खात्यातून करावे, हा साधा नियम पाळला तरी बराच अन्याय टळतो.

२४/ दुसरा धोका टिकाऊपणाचा. पानावरील चित्र बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळावरून खेचून आणलेले असेल, तर ते स्थळ बंद पडताच पानावर रिकामी चौकट उरते. म्हणून चित्रे, आलेख, कागदपत्रे सारे आयजेमच्याच सर्व्हरवर चढवण्याचा नियम आला. फायलीच्या नावाआधी संघाचे नाव लावण्याची पद्धतही ठरली, कारण एका सामायिक विकीवर शेकडो संघ ‘आलेख१’ नावाची फाइल चढवू लागले तर एकाचे चित्र दुसऱ्याने पुसले जाईल. दप्तरखान्यातील रुमालावर चिठ्ठी बांधण्याचीच ही रीत.

२५/ आणि शेवटी तो गोठण्याचा क्षण. १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. कोणता शोध कोणी आधी कळवला, यावरचे तंटे मिटवण्यासाठी मिळालेल्या पत्राची तारीख तिथे महत्त्वाची ठरली. विकी फ्रीझ त्याच परंपरेतील आहे. सर्वांना एकच अंतिम वेळ, म्हणजे परीक्षकांपुढे सर्वांची समान स्थिती. ‘हे आम्ही त्या दिवसापर्यंत केले होते’, याचा तो शिक्का.

२६/ स्पर्धेने विकीचे रूपही पालटले. पानांत थेट एचटीएमएल लिहिण्याची मुभा होती. सर्वोत्तम विकीसाठी बक्षीसही होते. त्यामुळे संघ मीडियाविकीचा मूळ चेहरा झाकून झगमगती संकेतस्थळे उभारू लागले. २०२२ पासून तर आयजेमने मीडियाविकी सोडून गिटलॅबची पद्धत स्वीकारली. आता विद्यार्थी फायलींतील बदल कारणासह नोंदवतात आणि त्यातून संकेतस्थळ तयार होते. नाव मात्र ‘विकी’ हेच राहिले.

२७/ यात काहीतरी हरवले आहे. बाहेरच्या वाचकाला पानावरील चूक तिथल्या तिथे सुधारता येत नाही. कनिंगहॅमने उघडलेले दार विद्यार्थ्यांच्या पानांपुरते मिटले आहे. काही राखलेही गेले आहे. कोणता बदल कोणी, कधी, कशासाठी केला, याची नोंद गिटलॅबमध्ये राहतेच, आणि पाने खुल्या परवान्याखाली असल्याने श्रेय देऊन ती पुन्हा वापरता येतात. दुरुस्तीचा अधिकार आक्रसला, पण पुढच्या तुकडीचा वारसाहक्क शाबूत राहिला.

२८/ म्हणून विद्यार्थी-संघात विकीचे काम ‘संगणकवाल्या मुलाचे’ मानून शेवटच्या आठवड्यावर ढकलणे महागात पडते. प्रयोगाच्या दिवशीच लिहिलेली चार ओळींची नोंद, फसलेल्या प्रयोगाची तारीख, करणाऱ्याचे नाव, बदलामागील कारण : या चार गोष्टी पहिल्या दिवसापासून पानावर चढत गेल्या, तर गोठण्याच्या क्षणी धावपळ उरत नाही. तेव्हा जे गोठते तेच त्या संघाचे अस्सल साधन ठरते. स्मरणाने नंतर रचलेली हकीकत आणि त्या दिवशीचा कागद यांतील अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको.

२९/ मराठी विकिपीडियावरील कोणतेही जुने पान उघडून वरची ‘इतिहास’ ही कळ दाबून पाहावी. पहिली ओळ कोणी लिहिली, ती कोणी खोडली, कोणी परत आणली, सारे क्रमाने दिसते. त्यानंतर आयजेमच्या एखाद्या जुन्या संघाची प्रयोगवही वाचावी. यशाच्या मथळ्यापेक्षा ‘आज काहीच वाढले नाही’ अशी एखादी नोंद तिथे भेटली, तर तिच्यापाशी थोडे थांबावे. ती पुढच्या कोणासाठी तरी लिहून ठेवलेली असते.

#थ्रेडसमाप्त